माळ्यावरचं बीपी मशीन आणि आमच्या सोसायटीचा चढलेला पारा

आमची ठाण्यातली, पाचपाखाडीतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, म्हणजे गेली सात-आठ वर्षं ती "जाणार"च आहे पण यंदा खरंच जाणार असं सगळे म्हणतायत, त्यामुळे मे महिन्यात मी जर्मनीतल्या कोलोनहून घरी आले तेव्हा घराघरातले माळे रिकामे होत होते. आमच्या माळ्यावरून काय निघालं, तर एक पितळी घंगाळ, माझ्या दहावीच्या गाइडांचा गठ्ठा, सात सीएफएल बल्ब (बंद पडलेले, पण टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले) आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेलं आईचं पाऱ्याचं बीपी मशीन. आई स्टाफ नर्स होती, रिटायर होऊन सतरा वर्षं झाली. डबा उघडला तर नळीच्या बुडाशी बारीक बारीक चंदेरी मणी. गळत होतं. किती वर्षं गळत होतं देव जाणे, आणि त्या माळ्याच्या बरोबर खाली पलंग.

मी घाबरून झाडू आणायला धावले तर आई ओरडली, "झाडू नको! आणि आधी अंगठी काढ." पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, हे वॉर्डमध्ये तिने एकदा स्वतःच्या बांगडीवर बघितलेलं. मग तिने पंखा बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, माझ्या भाचीला खाली आजोबांकडे पिटाळलं, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला (तसा धरला की फरशीच्या फटीतला मणीसुद्धा चमकतो), आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने एकेक मणी ढकलत काचेच्या बाटलीत जमा केला. बाटलीत पाणी, वर घट्ट झाकण. वय वर्षं पंचाहत्तर, हात जराही थरथरला नाही.

आता प्रश्न, हे द्यायचं कुठे? मी फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तीच माझी चूक.

पहिलं उत्तर, "अगं आम्ही लहानपणी थर्मामीटर फुटला की पारा काडेपेटीत भरून शाळेत न्यायचो, काय झालं आम्हाला?" दुसरं, पारद शिवलिंग लोक घरात ठेवतात, पुजतात, तुमचं सायन्स काय सांगतं. तिसरं उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरकाकांचं, की डिजिटल मशीनला काही अर्थ नाही, खरं बीपी पाऱ्याचंच, फेकू नका, मला द्या. मग कोणीतरी लिहिलं, सीएफएलमध्येपण पारा असतो, ते आधी बघा, कचरेवाला रोज फोडतो. मग एकाने, "बिल्डर देणार होता त्या कॉर्पस फंडाचं काय झालं ते बोला आधी." आणि शेवटी चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी मला सायकल शिकवली, ते म्हणाले, "तुमच्या जर्मनीत एवढी सोय आहे ना, मग घेऊन जा की बाटली जाताना."

एकेकाचं घेऊ.

काडेपेटीवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. पातळ पारा बोटाला लागला किंवा अगदी गिळला गेला तरी शरीरात फारसा शोषला जात नाही, बहुतेक तसाच बाहेर पडतो. घोटाळा आहे तो वाफेचा. पारा साध्या खोलीच्या तापमानाला उडत राहतो, वास नाही, रंग नाही, आणि श्वासातून गेलेल्या वाफेतला ऐंशी टक्क्यांच्या आसपास पारा फुप्फुसातून रक्तात जातो, तिथून मेंदूत आणि किडनीत. ठाण्याच्या मे महिन्यात, एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये, जमिनीवर रांगणारं पोर असेल तर विचार करा. हात थरथरणं, विसरायला होणं, हिरड्या सुजणं, आणि उगाच चिडचिड, ही सगळी लक्षणं आहेत. आपण मराठीत "त्याचा पारा चढला" म्हणतो ते थर्मामीटरवरून, पण पाऱ्याच्या विषबाधेत माणूस खरोखरच चिडका होतो, ही गंमत मला फार उशिरा कळली.

सीएफएलवाल्यांचंही बरोबर, फक्त हिशोब चुकला. एका सीएफएलमध्ये पारा साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. आणि बीपी मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम! म्हणजे आईच्या एका डब्यात वीसेक हजार सीएफएलचा माल. आम्ही ग्रुपवर दोन दिवस बल्बवरून भांडत होतो.

डॉक्टरकाकांशी मात्र मी वाद घातला नाही, कारण त्यांचा मुद्दा पोकळ नाहीये. पाऱ्याचं मशीन वर्षानुवर्षं इतर मशीनं तपासायचं माप होतं, आजही बीपी १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा, मशीन गेलं तरी युनिट राहिलंच. आणि बाजारातलं स्वस्तातलं मनगटाचं डिजिटल मशीन काहीही आकडे दाखवतं हे मी स्वतः बघितलंय. पण त्यावर उपाय नीट तपासून पास झालेलं दंडाचं मशीन घ्यायचं आणि अधूनमधून तपासून आणायचं, हा आहे. गळका डबा दवाखान्यात ठेवणं हा नव्हे.

आता जर्मनीचं सांगते, आणि आधीच सांगते की मी तिकडची जाहिरात करत नाहीये.

युरोपियन युनियनमध्ये ताप बघायची पाऱ्याची थर्मामीटर विकायला २००९ पासून बंदी आहे. मी २०१४ साली आले तेव्हा आईने बॅगेत एक घातलंच होतं, "तिकडची कसली डिजिटल." दोन वर्षांनी ते बाथरूममध्ये फुटलं. मी इंटरनेटवर वाचून इतकी घाबरले की विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला, जर्मनमध्ये तिला गिफ्टनोटरूफ म्हणतात, गिफ्ट म्हणजे त्यांच्याकडे विष, वाढदिवसाला जपून बोलावं लागतं. फोनवरची बाई शांतपणे जे म्हणाली ते शब्दशः आईचंच: झाडू नको, व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नको (तो पारा गरम करून खोलीभर उडवतो), खिडकी उघडा, जाड कागद, काचेची बरणी. आईला ट्रेनिंगमध्ये हे सगळं आधीच शिकवलेलं होतं. ज्ञानात आपण कुठेही मागे नव्हतो.

फरक शेवटच्या वाक्यात होता. बाई म्हणाली, तुमच्या भागात घातक कचऱ्याची गाडी अमुक वारी अमुक वाजता अमुक चौकात येते, तिथे द्या. मी बरणी घेऊन गेले, गाडीतल्या माणसाने ती बघितली, एका पेटीत ठेवली, "पुढचा" म्हणाला. पैसे नाहीत, फॉर्म नाही, भाषण नाही. माझ्यामागे एक आजोबा जुन्या रंगाचे डबे घेऊन उभे होते.

मी ठाण्यात ह्याच गाडीची आठवण काढत बसले होते, आणि मग एका रात्री झोप येईना म्हणून आपले नियम वाचायला घेतले. धक्काच बसला. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत (२०२६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) "घरगुती घातक कचरा" अशी वेगळी व्याख्याच होती, आणि त्यात रंगाचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं यांच्याबरोबर चक्क "फुटलेलं पाऱ्याचं थर्मामीटर" असं लिहिलं होतं. आणि असा कचरा घ्यायला स्थानिक संस्थेने दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उघडावं, त्याच्या वेळा लोकांना कळवाव्यात, हेही लिहिलं होतं. ठाणे शहर सव्वाशे चौरस किलोमीटरच्या वरच आहे, म्हणजे निदान सहा-सात केंद्रं. आमच्या अठ्ठावीस घरांत एकालाही आपलं केंद्र कुठे ते माहीत नव्हतं, सेक्रेटरीला नाही, कचरेवाल्याला नाही. मी दोन ऑफिसांत फोन केले, एकाने दुसऱ्याचा नंबर दिला आणि दुसऱ्याने पहिल्याचा. एका हॉस्पिटलमध्ये विचारलं तर ते म्हणाले आमचा बायोमेडिकल कचरा आम्ही देतो, बाहेरचा कसा घेणार. त्यांचंही चुकीचं नाही.

म्हणून परदेशातल्या मराठी लोकांच्या गप्पांत "इंडियात अवेअरनेसच नाही हो" हे वाक्य आलं की मला आता कंटाळा येतो. आणि घरच्यांच्या गप्पांत "आपल्याकडे कायदेच नाहीत" हे आलं की त्याहून जास्त. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारावर आपण २०१४ मध्ये सही केली, २०१८ मध्ये तो मंजूर केला. कॉस्मेटिक्समध्ये चुकून आलेला पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त नको, डोळ्याच्या मेकअपला सत्तर भागांपर्यंत सूट, एवढं बारीक आपल्या २०२० च्या नियमांत आहे, आणि तरी गोरं करायच्या क्रीमने अकोल्यातल्या एका घरात किडन्या बिघडल्याची बातमी आलीच. (तसल्या डब्या कोलोनच्या एशियन दुकानातही काउंटरखालून मिळतात, तेव्हा तिकडच्यांनी नाक वर करू नये.) लिहिलेलं सगळं आहे. बाटली हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला "इथे द्या" म्हणणारं कोणी नाही.

आणि जर्मनी स्वच्छ आहे का? माझ्या ट्रेनमधून निडरआउसेमच्या वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर दिसतात, तिथे लिग्नाइट जाळतात. कोळशातला पारा चिमणीतून वर जातो, देशातल्या पाऱ्याच्या उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा वाटा ह्या कोळशाचाच. माझ्या एका बरणीसाठी गाडी पाठवणारा देश रोज धुराड्यातून किती सोडतो हा हिशोब मी शेजारच्या जर्मन काकूंना विचारला तर त्यांचाही पारा चढला. दाताच्या चांदीचंही तसंच, तिच्यातही पारा असतो, युनियनमध्ये ती २०२५ पासून बंद केली, तोवर मागच्या दाढांना सरकारी विम्यात तीच भरत होते. माझ्या दाढेत नौपाड्यात भरलेली चांदी अजून आहे, तिकडचा डेंटिस्ट म्हणाला हात लावू नका, नीट बसलेली आहे, उकरायला गेलं तर उलट वाफ जास्त निघेल.

चौथ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर राहिलं. असा बाटलीतला पारा विमानात नेता येत नाही, कारण पारा ॲल्युमिनियम खातो आणि विमान बरंचसं ॲल्युमिनियमचं असतं. पण काका, तुमचा टोमणा मला रात्रभर आठवत राहिला तो वेगळ्या कारणाने. सामान आजवर उलट्या दिशेने आलंय. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना अमेरिकेत वॉटरटाउनला होता, तिकडे बंद झाला आणि १९८० च्या दशकात यंत्रांसकट तमिळनाडूच्या डोंगरावर आला. २००१ मध्ये तो बंद पडला कशाने, तर पारा लागलेली फुटकी काच गावातल्या एका भंगारवाल्याकडे टनावारी सापडली. जुन्या ५९१ कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं.

भंगारवाला. आमच्याकडेही तोच आला. मशीन बघून म्हणाला, डब्याचे एवढे, पाऱ्याचे वेगळे देतो. घर रिकामं करायच्या घाईत कोणीही दिलं असतं, आणि मी खरं सांगते, मीसुद्धा क्षणभर हो म्हणणार होते. आईने दिलं नाही. "तो कुठल्या तरी गाळ्यात बसून हे उकळेल, त्याच्या शेजारी त्याचं पोर असेल."

आता ट्यूबलाइटवर येते, कारण मशीन एकच आहे पण ट्यूबा प्रत्येक घरात. अठ्ठावीस घरं, जिना, पार्किंग, गच्ची, सगळं मिळून दीडेकशे तरी. पाडकामवाला काय करतो ते शेजारच्या बिल्डिंगच्या वेळी बघितलंय, खिडक्या-दरवाजे जपून काढतो कारण ते विकले जातात, ट्यूबा डेब्रिसमध्ये. आणि ठाण्यात एका वेळी किती बिल्डिंगी पडतायत ते गोखले रोडवरून चालताना मोजा. तो चुरा जिथे जाईल तिथे पाऊस लागणार, पाणी खाडीकडे येणार, आणि खाडीच्या चिखलातले जीवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, तेच जपानमधल्या मिनामाताला माणसांच्या ताटात आलं होतं (तो आजार १९५६ मध्ये उघडकीला आला), अर्थात तिथे कारखान्याने थेट समुद्रात सोडलेलं. आपल्या उल्हास खाडीच्या गाळातला पारा समुद्रविज्ञानवाल्यांनी केव्हाच मोजलाय. माझ्या गरोदरपणात कोलोनच्या डॉक्टरीणबाईंनी ट्युना कमी, शार्क बंद अशी यादी दिली, आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "मग बांगडा खा." बरोबरच होतं, लहान मासा, कमी वर्षं जगतो, कमी साठवतो.

मिनामाता करारात पाऱ्याची थर्मामीटर आणि बीपी मशीनं बंद करायची मुदत २०२० होती, आपण मागून २०२५ पर्यंत वाढवून घेतली. ट्यूबलाइटची मुदत आता २०२७ ठरलीय. म्हणजे पुढच्या दोन-चार वर्षांत घराघरातून हे सगळं बाहेर येणार, आणि नेमकं त्याच वेळी अर्धं ठाणे पडणार.

मी ग्रुपवर एकच मागणी टाकली. बिल्डरच्या ॲग्रीमेंटमध्ये भाडं, कॉर्पस, पार्किंग, देवघराची दिशा, ह्या सगळ्याचे क्लॉज आहेत, त्यात अजून एक घाला: पाडकामाआधी ट्यूबा, सीएफएल आणि पाऱ्याच्या वस्तू वेगळ्या काढून अधिकृत रिसायकलरला द्यायच्या आणि पावती सोसायटीला दाखवायची. ट्यूबलाइट आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत आहेच, बिल्डरला रिसायकलर शोधणं आम्हा अठ्ठावीस घरांपेक्षा सोपं. तीन अंगठे आले. सायकलवाल्या काकांचा एक होता. सेक्रेटरी म्हणाले, वकिलाला विचारतो.

बाटली सध्या बाल्कनीत, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, सावलीला. वर आईच्या अक्षरात चिकटपट्टी: "पारा. कोणीही हात लावू नये. भंगारवाल्याला देऊ नये." रविवारी फोन केला की मी आधी तिचं बीपी विचारते. नवीन दंडाचं मशीन १३८ दाखवतं आणि ती म्हणते, ह्याचं काही खरं नाही, माझ्या मशीनवर कधी एकशेतीसच्या वर गेलं नव्हतं.