माळ्यावरचा माणूस आणि खालची चूल

गेले दोन महिने सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कादंबऱ्या आणून वाचतेय. हिटलरच्या राज्यात ज्यूंना घरात लपवणाऱ्या साध्या माणसांच्या. रडले, रात्री जागले. पण एक गोष्ट सतत खटकत राहिली. या कादंबऱ्यांतल्या माणसांना पुरेशी भीतीच वाटत नाही. दारावर थाप पडते, बाई क्षणभर थांबते आणि दार उघडते. नकार देणारा शेजारी मात्र हमखास लोभी, नाहीतर दुष्ट.

जर्मनव्याप्त पोलंडमध्ये ऑक्टोबर १९४१ पासून ज्यूला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. कितीतरी ठिकाणी अख्खी कुटुंबं मारली गेली. पाळण्यात तान्हं मूल असलेल्या बाईने 'नाही' म्हटलं, तर तिला एका वाक्यात खलनायिका करून टाकायचं? तिची ती रात्र लिहा ना! ती कळल्याशिवाय दार उघडणारीने काय पणाला लावलं, ते मला कसं कळणार?

फ्रान्समधलं ल शांबाँ हे डोंगरातलं गाव बघा. पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो निर्वासितांना आसरा दिला, खोटी ओळखपत्रं, रेशनकार्डं करून दिली. ही माणसं प्रोटेस्टंट. धर्मापायी झालेला छळ त्यांच्या पूर्वजांनीही सोसलेला, घराघरात त्याच्या आठवणी. आंद्रेचा नातेवाईक दानिएल त्रोक्मे जून १९४३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मेला. हे असं होऊ शकतं, हे गावाला माहीत होतं. तरीही लपवाछपवी थांबली नाही.

हे वाचताना मला आजी आठवत राहिली. ४२च्या चळवळीत आमच्या पंचवटीतल्या वाड्यात एक भूमिगत कार्यकर्ता अकरा दिवस माळ्यावर होता. पोलंडशी याची बरोबरी नाही, इथे भीती होती ती तुरुंगाची. पण आजीने सांगितलेला तपशील मला एकाही कादंबरीत सापडला नाही. पणजीला सगळ्यात जास्त धास्ती होती जात्याची. एका माणसाचं दळण वाढलं की घरघर जास्त वेळ चालणार, आणि भिंतीपलीकडच्या काकू विचारणार, 'कोण पाहुणे आलेत गं?' म्हणून तिने दळण वाढवलंच नाही. स्वतःच्या दोन भाकरींतली एक रोज वर पाठवायची. चौथ्या दिवशी त्याच काकू आल्या, भाकरीच्या पिठाचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेल्या. त्या रात्री पणजी झोपली नाही. या बाईला कळलंय, आता ही गप्प राहील ना, एवढाच घोर.

मला अशी कादंबरी हवी आहे, मराठीत. गड, तलवारी, सरदार आपण भरपूर लिहिले, आवडीने वाचलेही. आता त्या काकू लिहा.

जुन्या नाशकातले वाडे भराभर पाडले जातायत. तुमच्या घरात कुणी असं काही सांगत असेल, तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि रेकॉर्ड करून ठेवा. आजीला मी त्या कार्यकर्त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.