ग्लासनं तबल्यातून नेमकं काय उचललं?

‘रविशंकरांकडून चोरलं, त्यांच्या नावावर मोठा झाला आणि वाजवतो काय, तर तबल्याच्या पहिल्या वर्षाचा रियाझ!’ अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासवरच्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. रियाझाचं मला पटलं. भांडण चोरीवरून आहे.

१९६५-६६चं पॅरिस. ग्लास तिथे संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफण्याचं पाश्चात्त्य तंत्र, घोटत होता. कडक बाई. एका चित्रपटासाठी रविशंकर जे सुचवतील ते फ्रेंच वादकांना पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून द्यायचं काम त्याला मिळालं. तबल्यावर अल्लारखाँ. ग्लास लिही, वादक वाजवत, आणि खाँसाहेब दरवेळी अडवत: वजन चुकतंय, सगळे सूर सारख्याच वजनाचे हवेत. शेवटी वैतागून त्यानं कागदावरच्या, मात्रांचे ठरीव भाग पाडणाऱ्या साऱ्या उभ्या रेघा खोडल्या. रेघा गेल्यावर त्याला दोन-दोन, तीन-तीनचे गट दिसले.

त्यानं उचललं ते एवढंच, हिशोब. त्याची ‘टू पेजेस’ ही रचना ऐका. खालचा प, मग सा रे, कोमल ग, म. हे पाच सूर, मग ते पाच आणि त्यातलेच पहिले चार, मग पाच-चार-तीन. राग नाही, आलाप नाही, उपज नाही. समसुद्धा नाही! तबलजी म्हणून तुम्हाला हेच खटकत असणार, आणि ते रास्तच आहे. पण मग चोरीला गेलं काय? १९६९च्या ‘म्युझिक इन फिफ्थ्स’मध्ये त्यानं बाईंच्या शिस्तीत घोर चूक मानलेल्या समांतर पंचमांवरच (दोन सुरावटी सतत पंचमाच्या अंतरानं सोबत चालवण्यावरच) अख्खी रचना उभी केली. गुरूंशी त्याचं नातं हे असं.

नावावर मोठा झाला म्हणता, तर १९७६मध्ये ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ या त्याच्या ऑपेराला न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउस भरलं, त्यानंतरही हा गडी टॅक्सी चालवत होता. रविशंकरांसोबतचा ‘पॅसेजेस’ हा अल्बम आला १९९०मध्ये, दोघांनी एकमेकांच्या सुरावटींवर रचना करून. चोराबरोबर कोणी असं बसतं का?

राहिला ‘सत्याग्रह’ हा त्याचा ऑपेरा, १९८०चा. दक्षिण आफ्रिकेतले गांधी, शब्द गीतेतले, संस्कृतातच. सतार-तबला घालणं किती सोपं होतं! त्यानं तंतुवाद्यं, सुषिरवाद्यं आणि ऑर्गन एवढ्यावर भागवलं. अखेरीस गांधी चौथ्या अध्यायातले श्लोक गातात, एकच सरळ आरोह पुन्हा पुन्हा. रे, ग, ध, नी कोमल. म्हणजे स्वर भैरवीचे, पण भैरवी नव्हे. तिची एकही जागा त्यात नाही. शेवटाला भैरवीचेच स्वर यावेत हा माझ्या मते निव्वळ योगायोग. ऐकून तुमचं मत लिहा.