मेटॅलिका आणि तेलाचा डबा

बँडने शैली बदलली की ‘चाहत्यांना बदल झेपत नाही’, असं एका लेखात वाचलं. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडला ते अर्धंच लागू पडतं. १९९१च्या काळ्या अल्बमने (काळ्या मुखपृष्ठावरून पडलेलं नाव) गाण्यांचा वेग कमी केला तेव्हा जुनी मंडळी कुरकुरली खरी, पण कॅसेट झिजेपर्यंत ऐकली त्यांनीच. १९९६ला ‘लोड’ अल्बम आला, तर गाण्यांपेक्षा बँडवाल्यांनी कापलेल्या केसांवरूनच जास्त भांडणं! आमचा दादा त्यात आघाडीवर. २००३च्या ‘सेंट अँगर’ने मात्र खरंच डोकं उठवलं. गिटार सोलो गायब आणि स्नेअर ड्रमचा आवाज असा, की कुणीतरी तेलाचा रिकामा डबा बडवतंय. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय पडलं रे?" २००८च्या अल्बममध्ये सोलो परत आले, तर रेकॉर्डिंगचा आवाज इतका चढवलेला की फाटतोच. दादा हल्ली गाडीत ‘लोड’च लावतो. विचारलं की विषय बदलतो.