चिंक्वे तेर्रेची वाइन पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे

इटलीच्या सहलीला निघालेल्या मंडळींमध्ये चिंक्वे तेर्रेच्या वाइनविषयीचा एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: ही पाच गावे मुळात मासेमारांची आणि तिथली वाइन पर्यटक येऊ लागल्यावरची, कड्यावरच्या खडकात इतकी द्राक्षे येणे शक्य नाही, म्हणून ती सपाटीवरून आणतात आणि गावात फक्त बाटल्या भरतात, द्राक्षाचे वाणही कुठेही मिळणारेच, समुद्राच्या खाऱ्या तुषारांमुळे चव तेवढी वेगळी लागते, ‘शाक्केत्रा’ ही गोड वाइन साखर घालून करतात आणि भाव नावाचा घेतात, डोंगरावरचे मळे छायाचित्रांपुरते राखले आहेत. प्रवाशाचे पैसे वाचावेत एवढाच लिहिणाऱ्याचा हेतू असावा आणि तो चांगलाच आहे. परंतु यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. ज्या माणसांचे अख्खे आयुष्य त्या उतारावर गेले, त्यांचे श्रमच ही विधाने खोटी ठरवतात, आणि म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मासेमारांची गावे, या समजुतीपासून सुरुवात करू. उत्तर-पश्चिम इटलीतील लिगुरिया प्रांतात, ला स्पेत्सियाच्या पश्चिमेला मोन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे आहेत. त्यांपैकी मोन्तेरोस्सोला मासेमारीची, विशेषतः अँचोव्ही या लहान माशाची, जुनी परंपरा आहे हे खरे. पण कोर्निल्या समुद्राला टेकलेलेही नाही. ते सुमारे शंभर मीटर उंचीच्या कड्यावर वसलेले आहे आणि खालच्या रेल्वे स्थानकापासून गावात पोहोचायला पावणेचारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. ज्या गावाला धड बंदर नाही, ते शतकानुशतके कशावर जगले असेल? बंदराशी बांधलेल्या रंगीत होड्या छायाचित्रात उठून दिसतात, त्यांच्यामागचा हिरवा डोंगर मात्र नैसर्गिक आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गावकऱ्यांनी जन्मभर राबून घडवलेली गोष्ट हा डोंगरच आहे.

वाइन अलीकडची आहे, हे म्हणणे तर लिखित पुराव्यासमोर टिकतच नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यावर बोक्काच्चो या इटालियन लेखकाने पोटाच्या विकारासाठी सिएनाच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघालेल्या एका मठाधिपतीची गोष्ट लिहिली. वाटेत त्याला गिनो दी ताक्को हा दरोडेखोर पकडतो आणि भाजलेल्या पावाचे दोन तुकडे व कोर्निल्याच्या व्हेर्नाच्चा नावाच्या वाइनचा मोठा पेला देऊन बरा करतो. त्या काळचा व्हेर्नाच्चा म्हणजे आजच्याच वाणांची वाइन होती, असा दावा मी करणार नाही, कारण वाइनची नावे शतकांच्या ओघात एका द्राक्षावरून दुसऱ्यावर सरकतात. परंतु कोर्निल्या हे नाव वाचल्याबरोबर वाचकाला चांगली वाइन आठवेल, हे लेखकाने गृहीत धरले होते, एवढे त्यातून निःसंशय दिसते. जेनोव्हा आणि ला स्पेत्सिया यांना जोडणारा लोहमार्ग १८७४ साली पूर्ण झाला. पर्यटकांचे लोंढे त्याच्याही पुष्कळ नंतरचे. तेव्हा कोणामुळे कोण आले, हा क्रम त्या मजकुरात उलटा लावला गेला आहे.

द्राक्षे बाहेरून येतात, या आरोपाचे उत्तर कायद्यात आहे. ‘चिंक्वे तेर्रे’ आणि ‘चिंक्वे तेर्रे शाक्केत्रा’ या नावांना १९७३ साली डीओसी, म्हणजे नियंत्रित उगमस्थानाचा दर्जा, मिळाला. हे नाव लेबलावर लावायचे तर द्राक्षे ठरलेल्या क्षेत्रातलीच हवीत आणि वाइनही त्याच क्षेत्रात तयार व्हायला हवी. या क्षेत्रात रिओमाज्जोरे, व्हेर्नात्सा व मोन्तेरोस्सो या तीन नगरपालिका येतात (उरलेली दोन गावे त्यांच्याच हद्दीत आहेत) आणि शेजारच्या ला स्पेत्सिया नगरपालिकेतले त्रामोन्तीचे कडेही येतात. ‘बाहेरून’ या शब्दात सत्याचा अंश शोधायचाच झाला, तर तो या त्रामोन्तीपुरता आहे. आणि तोही उतार तितकाच उभा व त्याच समुद्राकडे तोंड केलेला आहे. मात्र एक सावधगिरी जरूर बाळगावी. गावातल्या दुकानांत रंगीत घरांचे चित्र असलेल्या, पण डीओसीचा उल्लेख नसलेल्या स्वस्त बाटल्याही विकायला असू शकतात. त्या वाइनवर हे नियम लागू नाहीत. चित्र पाहून बाटली घ्यायची आणि दोष त्या मुलखाला द्यायचा, हे न्यायाचे नाही.

वाणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण नियमच पुरेसा बोलका आहे. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये आणि शाक्केत्रामध्ये बोस्को या वाणाचा वाटा किमान ४० टक्के असावा लागतो, त्याच्या जोडीला अल्बारोला आणि व्हर्मेंतिनो असतात. व्हर्मेंतिनो सार्डिनिया, कॉर्सिका आणि दक्षिण फ्रान्समध्येही पिकते. बोस्को मात्र या किनारपट्टीबाहेर जवळपास कुठेच भेटत नाही. त्याचा घड मोकळा आणि मण्याची साल जाड असते. ही साधी दिसणारी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

खाऱ्या तुषारांबद्दलही तेच. चिंक्वे तेर्रेच्या कोरड्या वाइनचे वर्णन करताना चाखणारे ‘खारेपणा’ हा शब्द वापरतात, आणि तिला रानझुडपांचा मंद वास असतो हेही बरोबर आहे. पण समुद्राचे पाणी मळ्यात पोहोचावे असे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला वाटत नाही. मीठ घेऊन येणारा वारा कोवळी पालवी करपवतो. म्हणून वेलींचा मांडव आपल्या नाशिककडच्या मांडवासारखा माणसाच्या डोक्यावर न घेता गुडघा-कंबरेएवढ्या उंचीवर बांधण्याची तिथली जुनी रीत आहे आणि वाऱ्याच्या बाजूला सुक्या झुडपांच्या काटक्यांचे कूड उभे केले जातात. अशा मांडवाखाली छाटणी आणि तोडणी करताना माणसाला वाकून, प्रसंगी गुडघ्यांवर रांगत पुढे सरकावे लागते. समुद्रापासून मिळतात ते ऊन, ऊब आणि हवा. मिठाशी मात्र तिथल्या शेतकऱ्याचा कायमचा झगडा आहे.

आता शाक्केत्रा. साखर घातल्याचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो, कारण ही वाइन कशी होते हे सांगली जिल्ह्यातल्या, विशेषतः तासगाव भागातल्या माणसाला इतर कोणाहूनही लवकर कळेल. आपल्याकडे बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पसरतात. त्या द्रावणामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो, पाणी झपाट्याने उडते आणि सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पंधरवड्यात हाती येतो. चिंक्वे तेर्रेत निवडक घड असेच सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी पसरतात, पण तिथे घाई नको असते. सप्टेंबरच्या आसपास तोडलेली द्राक्षे किमान १ नोव्हेंबरपर्यंत सुकत ठेवावी लागतात. घड मोकळा असल्याने मण्यामण्यांतून हवा फिरते, आणि साल जाड असल्याने मणी न फुटता, न कुजता हळूहळू आकसतो. बोस्कोचे खरे मोल इथे कळते. सुकण्याच्या या काळात बुरशी धरलेला एकेक मणी हाताने काढून टाकावा लागतो, आणि पुष्कळ घरांत शेवटी देठापासून मणी सोडवण्याचे कामही हातानेच होते.

मणी बेदाण्याइतका कोरडा होण्याआधीच चिरडून, सालींसह आंबवला जातो. पाणी उडाल्यामुळे रसात साखर इतकी दाट झालेली असते की ती सगळी संपवण्याआधीच यीस्टचे काम थांबते, आणि उरलेली साखर म्हणजेच त्या वाइनचा गोडवा. नियमानुसार संभाव्य मद्यार्क (सगळी साखर आंबली असती तर झाला असता तेवढा) एकूण किमान १७ टक्के हवा आणि त्यापैकी किमान १३.५ टक्के प्रत्यक्षात तयार झालेला हवा. दुकानातली साखर वाइनमध्ये घालण्यास इटलीच्या कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा हा आरोप रीतीच्याही आणि कायद्याच्याही विरुद्ध जातो.

भावाचे गणितही यातच आहे. साध्या वाइनसाठी १०० किलो द्राक्षांतून सुमारे ७० लिटर वाइन निघते, शाक्केत्राला ३५ लिटरची कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात हाती येते ते अनेकदा त्याहूनही कमी. तोडणीनंतरच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरआधी ती विकता येत नाही, ‘रिझेर्वा’ म्हणून विकायची तर तिसऱ्या वर्षीच्या त्याच तारखेपर्यंत थांबावे लागते. अर्ध्या आकाराच्या छोट्या बाटलीला एवढे पैसे का, असे विचारणाऱ्याने या आकड्यांत अजून एक गोष्ट मिळवावी: ही द्राक्षे ज्या उतारावर पिकतात तिथे ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. पूर्वी भरलेल्या पाट्या माणसेच डोक्याखांद्यावर वाहत. आता बऱ्याच ठिकाणी दातेरी एकरुळावरून कुरकुरत चढणारी छोटी गाडी असते. तिच्यावर बसलेल्या एका माणसाच्या मागे लावलेले द्राक्षांचे क्रेट कड्यावरून चढत जाताना पाहिले की ‘नावाचे पैसे’ हा शब्द तोंडातून सहज निघणार नाही.

राहता राहिला छायाचित्रांचा मुद्दा, आणि सर्वांत घातक समज तोच आहे. कोकणातला माणूस ज्याला गडगा म्हणतो, तशाच चुना-सिमेंटाविना रचलेल्या दगडी भिंतींनी हा अख्खा डोंगर टप्प्याटप्प्यांनी तोललेला आहे. हे काम साधारण हजार वर्षांपूर्वी सुरू झाले असे मानले जाते. दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी झिरपून जाते म्हणून माती जागेवर राहते, पण एखादा दगड निसटला आणि तो वेळेवर बसवला गेला नाही, तर त्यामागे फुगवटा येतो आणि भिंत पोट काढून खाली येते. एकोणिसाव्या शतकात ला स्पेत्सियात नौदलाचे शस्त्रागार उभे राहिले, रेल्वे आली, विसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने वेली मारल्या, आणि तरुण माणसे पगारी कामाला लागली. आता लागवडीखाली उरले आहे ते शंभरेक हेक्टर. ओसाड टप्प्यांवर रान माजले.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि व्हेर्नात्सा व मोन्तेरोस्सोचे रस्ते डोंगरावरून आलेल्या चिखल-दगडांखाली गाडले गेले. पावसाचे प्रमाणच असाधारण होते, त्यामुळे सगळा दोष ओसाड मळ्यांवर ढकलणे चुकीचे ठरेल. पण नंतरच्या पाहण्यांत सोडून दिलेल्या टप्प्यांवर दरडी अधिक कोसळल्याचे आढळले. युनेस्कोने १९९७ साली या भूभागाला जागतिक वारसा यादीत घेतले आणि १९९९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. मात्र फलक लावल्याने भिंत उभी राहत नाही. ज्याला त्या टप्प्यावरून काही पिकवून विकायचे आहे, तोच माणूस हिवाळ्यात जाऊन निसटलेला दगड परत बसवतो.

म्हणून त्या मजकुराच्या शेवटचा सल्ला, ‘त्यापेक्षा प्रोसेक्को घ्या’, हा मला विषयाला धरून वाटत नाही. प्रोसेक्को ही व्हेनेतो आणि फ्रिउली या भागांतली, ग्लेरा द्राक्षांची बुडबुड्यांची वाइन आहे. ती आवडत असेल तर जरूर घ्यावी. पण चिंक्वे तेर्रेला गेलात आणि वाइन घ्यायचीच असेल, तर लेबलावर ‘चिंक्वे तेर्रे’ आणि त्याखाली डीओसी ही अक्षरे आहेत ना, एवढे पाहावे आणि मानारोलाच्या वरच्या अंगाला, ग्रोप्पोत, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे वाइनघर आहे तिथवर चढून जावे. वाटेत डाव्या-उजव्या हाताला भिंती लागतील. त्यांतल्या काहींत जुन्या काळवंडलेल्या दगडांमध्येच नुकताच बसवलेला, अजून फिकट दिसणारा एखादा दगड नजरेस पडेल.