श्रीखंडाची स्लम्प टेस्ट

श्रीखंड हा द्रवपदार्थ आहे, असा निकाल नुकताच लागला आहे आणि त्यावर अपील नाही. निकाल विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत लागला. मुद्देमाल माझा होता आणि तो साक्षीदारांनीच चाटूनपुसून संपवला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. दसऱ्याला भावाकडे दुबईला निघाले होते. (दुबईतल्या दुकानांत श्रीखंडाचे डबे मिळतात, हे मला ठाऊक आहे. ज्यांना ते सांगायची हौस आहे त्यांनी एकदा घरी चक्का टांगून, पुरणयंत्रातून काढून, दंड दुखवून घ्यावा आणि मग बोलावं.) काउंटरवर माझी बॅग दीड किलोने जास्त भरली. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅम, कुछ भारी चीज हातात घेऊन टाका ना." भारी चीज म्हणजे श्रीखंडाचा स्टीलचा डबा. तो हातात घेतला. थोडं पुढे गेले तर दुसऱ्या गणवेशातल्या माणसाने तो हातातून काढून घेतला. एकाच छपराखाली नोकरी करणारी ही माणसं एकमेकांशी बोलत नसावीत.

"ये क्या है?"

"श्रीखंड."

"लिक्विड है?"

"नाही हो, श्रीखंड आहे."

"तो लिक्विड है ना?"

"घन आहे!" हा आवाज माझा नव्हता. मागून आला होता.

मागे एक काका उभे होते. पायातले बूट काढून ट्रेमध्ये ठेवलेले, पट्टा काढल्यामुळे एका हाताने पँट सावरलेली, आणि दुसऱ्या हाताची तर्जनी वर. "मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो," असं त्यांनी कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं. काकू त्यांच्या मागून "अहो, आपल्याला काय करायचंय" असं पुटपुटत होत्या. त्या ज्या सुरात म्हणाल्या त्यावरून हे वाक्य त्यांनी संसारात बऱ्याचदा वापरलेलं असावं.

"साहेब," काका त्या तरुण जवानाला म्हणाले, "पदार्थ ओला आहे म्हणून तो द्रव होत नाही. ओलं काँक्रीट द्रव असतं का? मग आम्ही जन्मभर स्लम्प टेस्ट कशाला केली?"

जवानाने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. तेवढं निमित्त त्यांना पुरलं.

स्लम्प टेस्ट म्हणजे काय, हे मला आता झोपेत उठवून विचारा. पत्र्याचा एक शंकू असतो. तीस सेंटिमीटर उंच, खाली वीस सेंटिमीटर रुंद, वर दहा. त्यात ओलं काँक्रीट थराथराने भरायचं, प्रत्येक थराला सळईने 25 वेळा कोचायचं. मग शंकू अलगद वर उचलायचा आणि आतला ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. इंचभर बसला तर माल घट्ट. सहा-सात इंच बसला तर कंत्राटदाराने पाणी मारलंय. "आणि मग कंत्राटदाराला आम्ही काय करायचो, ते इथे बायकामाणसांसमोर सांगत नाही," काका म्हणाले. रांग तोपर्यंत बरीच लांबली होती. पण भांडण बघायला मिळत असेल तर आपली माणसं विमानसुद्धा थांबवायला तयार असतात.

"डबा उलटा करा," काकांनी फर्मावलं.

मी नको नको म्हणत असताना त्यांनी झाकण काढलं, पँट कोपराने दाबून धरली आणि दोन्ही हातांनी डबा ट्रेवर उपडा धरला. श्रीखंड जागचं हललं नाही. एक थेंब नाही. कोणीतरी टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आपल्या चक्क्याचा अभिमान वाटला. रात्रभर टांगला होता, त्यातून पाण्याचा शेवटचा टिपूस गळेपर्यंत मी फडकं सोडलं नव्हतं.

"झीरो स्लम्प!" काका गरजले. "या मालावर पूल उभा राहील, पूल!"

माझ्या श्रीखंडाची आजवर बरीच स्तुती झाली आहे, पण ही जरा वेगळीच होती.

एवढ्यात वरचे साहेब आले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, एक चमचा मागवला आणि श्रीखंडाचा गोळा झाकणावर ठेवून हळूच दाबत नेला. केशरी रंगाचा छान पट्टा उमटला. "फैलता है?" त्यांनी विचारलं. काका गप्प. "फैलता है, तो लिक्विड."

हे काही त्या साहेबांच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर तर हे सूत्रच आहे: जे सांडता येतं, पसरवता येतं, फवारता येतं, पंपाने काढता येतं किंवा ओतता येतं ते द्रव. त्यात बिचारं पीनट बटरही सापडतं. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून उडवायचा कट उघडकीला आला, आणि तेव्हापासून आपण सगळे 100 मिलीलिटरच्या बाटल्या पारदर्शक पिशवीत घालून फिरतोय. कट भयंकर होता, नियम व्हायलाच हवा होता, सगळं मान्य. पण त्या कटात श्रीखंडाचा हात नव्हता. आणि पसरवता येतं म्हणून अडवायचं असेल तर अफवा आणि हातपाय घेऊन कोणालाच विमानात चढता येऊ नये. माझ्या शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना तर मुळीच नाही.

त्या रात्री दुबईत पोचल्यावर मी रागाने फोनवर वाचत बसले, की जगात आणखी कोणाकोणाच्या सणावारावर असा बोळा फिरलाय. स्कॉटलंडचं हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस बारीक करून, ओटचं जाडंभरडं पीठ, कांदा नि चरबी घालून शिजवलेलं. 25 जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या लाडक्या कवीची जयंती असते, तेव्हा ते ताटात घालून बॅगपाइप वाजवत पंगतीत आणतात. आता आमच्या घरात याचं नुसतं वर्णन केलं तरी दोघं ताटावरून उठतील, पण तो त्यांचा दसरा आहे. अमेरिकेने 1971 साली खाण्यात फुप्फुस चालणार नाही असं ठरवलं आणि तिथे स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसांचं अस्सल हॅगिस बंद झालं. स्वीडनमध्ये बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे आंबवून डब्यात भरतात. आंबणं आतही चालूच राहतं, डबा फुगतो, आणि उघडला की वास असा की लोक तो शक्यतो घराबाहेर नेऊन उघडतात. 2006 मध्येच दोन बड्या विमान कंपन्यांनी तो डबा विमानात आणायला बंदी केली, कारण तो फुटेल. स्वीडिश माणसं चिडली. म्हणाली, आमच्या संस्कृतीला हे लोक समजून घेत नाहीत. मला मासे आवडत नाहीत, वासाने उमासे येतात, तरी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

उलट जपानची मोची बघा. भात कुटून केलेला चिकट गोळा. नववर्षाच्या सूपात घालून खातात आणि दरवर्षी त्याच सुमारास काही म्हातारी माणसं तो घशात अडकून दगावतात. टोकियोचं अग्निशमन दल सूचना काढतं की बाबांनो, बारीक तुकडे करा, नीट चावा, घरात म्हातारं माणूस असेल तर लक्ष ठेवा. म्हणजे हा पदार्थ खरोखर माणसं मारतो, त्याची नोंद सरकारदरबारी आहे, आणि तो हातातल्या पिशवीतून खुशाल न्या. श्रीखंडाने आजवर फार तर वामकुक्षी लांबवली असेल.

असो. डबा.

"डिब्बा खाली कर दो, फिर ले जाओ," साहेब म्हणाले आणि कचऱ्याच्या भल्यामोठ्या पिंपाकडे बोट दाखवून निघून गेले. आता डबा साधा नव्हता. त्यावर सासूबाईंचं नाव आणि खाली 'भिशी 1984' असं कोरलेलं आहे. तो डबा सोडून मी घरी परत येऊच शकत नव्हते.

"अन्न टाकायचं नाही," काका म्हणाले. "डबा वाचवायचा."

त्यांनी सूत्रं हाती घेतली. काकूंच्या पिशवीतून चमचे निघाले. पलीकडच्या रांगेतल्या एका गुजराती बाईंनी श्रीखंड बघून "ये तो हमारा है" असा दावा ठोकला आणि दावा पक्का करायला ठेपले काढले. ठेपले! कोरडे, चपटे, घडी घातलेले. ते यंत्रातून असे सुळकन गेले की जणू यंत्र त्यांच्यासाठीच बनवलंय. दोन कॉलेजची पोरं आली. ट्रेची रिकामी थप्पी हे टेबल झालं. अनवाणी, कमरेचे पट्टे काढलेली ती सगळी मंडळी माझं श्रीखंड ठेपल्याला लावून खात उभी होती. जवानाला दिलं तर तो "ड्यूटी पे हूँ" म्हणाला, पण बघत मात्र होता.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण काकांनी चौथा चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका. साखर जरा चढलीय."

मी काही बोलले नाही.

"जायफळ घातलंय का?"

"घातलंय."

"लागत नाहीये." मग काकूंकडे वळून, "तुला लागतंय?" काकूंनी मान हलवली, बोलल्या नाहीत, कारण तोंड भरलेलं होतं. "आमच्याकडे," काका सांगू लागले, "साखर चक्क्यात रात्रभर मुरू देतात. लगेच फेटलं की ही अशी कचकच राहते. बाकी कन्सिस्टन्सीला तोड नाही."

ज्या माणसाने माझं श्रीखंड काँक्रीट असल्याचं पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं, तो मला कचकच सांगत होता! आणि वर त्याचीच बॅग पुढे सरकली: अनारसे, चिरोटे, चकल्या, कडक बुंदीचे लाडू. सगळं कोरडं, सगळं पास. कोणी "ये क्या है" म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

डबा मी स्वच्छतागृहाच्या नळाखाली धुतला. बाहेर आले तर समोर दुकान, आणि दुकानात लिटर-लिटरच्या दारूच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. तपासणीच्या अलीकडे मी पाण्याची भरलेली बाटली टाकून दिली होती, पलीकडे तेवढंच पाणी घ्यायला जे पैसे मोजले त्यात आमच्या नाक्यावर मिसळ येते, तर्रीसकट. पाणी टाकायला लावणारे नि पाणी विकणारे एकाच इमारतीत बसतात, आणि याचं कोणाला काही वाटत नाही. आपल्यालाही वाटेनासं झालंय. आपण मुकाट्याने बूट काढतो, मुकाट्याने घालतो, आणि त्यातल्या त्यात ज्याच्या पिशवीत शिरा-बासुंदी-श्रीखंड असेल त्याच्याकडे गावंढळ म्हणून बघतो. विमानात जेवणाबरोबर झाकण लावलेलं दही आलं. काका पलीकडच्या रांगेत होते. त्यांनी ते उपडं करून बघितलं आणि मला खूण केली: स्लम्प फार आहे.

दुबईत वहिनीने डबा रिकामा परत जाऊ दिला नाही, खजूर भरले. परतीच्या तपासणीत माझ्या पुढच्या तरुणाच्या पिशवीत दुबई चॉकलेटच्या जाडजूड वड्या होत्या. त्या सध्या सगळ्या जगाला हव्या आहेत. बाहेर पातळ कवच आणि आत पिस्त्याचा नि कुनाफ्याचा हिरवागार, मऊ, चमच्याने कुठेही पसरवता येईल असा लगदा. पिशवी पट्ट्यावरून आत गेली, बाहेर आली. मी आजूबाजूला बघितलं, पण नेमके तेव्हा काका नव्हते.