ट्रॅकसाठी आधी मोठी चाकं आणि मोठे ब्रेक? हा क्रमच उलटा आहे

ट्रॅकवर गाडी चालवू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकापर्यंत एक सल्ला पोचतो. तो साधारण असा असतो: "स्पोर्ट्स कार ट्रॅकवर न्यायची तर आधी १७ इंची चाकं काढून १९ इंची बसवा, चाक मोठं तेवढी पकड जास्त. पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर आणि मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क लावा. गाडी कमी अंतरात थांबेल, ब्रेक तापून दगा देणार नाहीत. मागचे ब्रेक आहेत तसेच राहू द्या, थांबवायचं काम पुढचेच करतात."

(चाकासोबत फिरणारी धातूची तबकडी म्हणजे डिस्क. तिला पॅडनं चिमटणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि पॅड दाबतात ते त्यातले पिस्टन.) या सल्ल्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो पटतो. पण हे ऐकून लोक सगळे पैसे रिम आणि कॅलिपरमध्ये घालतात आणि दोन वर्षं जुन्या ब्रेक ऑइलवर ट्रॅकवर उतरतात. ते धोक्याचं आहे, म्हणून हा सल्ला एकेक करून तपासायला हवा.

सुरुवात "कमी अंतरात थांबेल" या दाव्यापासून करू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. गाडीला थांबवणारं बल टायर आणि डांबर जिथे एकमेकांना टेकतात तिथे तयार होतं. ब्रेक चाकाला रोखतो, गाडीला टायर रोखतो. मूळ ब्रेकवर तुम्ही पूर्ण ताकदीनं पेडल दाबलं आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरू लागलं, तर त्याचा अर्थ ब्रेकमध्ये टायरच्या ऐपतीपेक्षा जास्त जोर आधीच आहे. आता डिस्क कितीही मोठी लावा, त्या एका थांबण्यात फरक पडणार नाही. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना टायरचा घर्षणांक (पकडीचं माप) १ असेल तर साधारण ३९ मीटर लागतात. १.२ घर्षणांकाचा टायर बसवला तर तेच अंतर ३३ मीटरच्या आत येतं. एवढं अंतर कुठलाही कॅलिपर कमी करून देत नाही.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उष्णता झेलणं. आकडे मांडून पाहू. १३०० किलोची गाडी सरळ पट्टीच्या शेवटी ताशी १८० वरून ८० वर आणायची, तर सुमारे १.३ मेगाज्यूल (तेरा लाख ज्यूल) ऊर्जा काढून टाकावी लागते. हवेचा विरोध आणि इंजिन यांचा वाटा क्षणभर बाजूला ठेवू. पुढच्या चाकांकडे ७० टक्के भार धरला, तर पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला साधारण साडेचार लाख ज्यूल येतात. डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या कड्याचं वजन ६ किलो असेल, तर ते एका ब्रेकिंगमध्ये दीडशे अंशांनी तापतं. ९ किलोचं असेल तर शंभर अंशांनी. पुढचं वळण वीस सेकंदांवर असतं. तेवढ्यात जितकी उष्णता बाहेर गेली तितकी गेली, उरलेली साठत जाते. रस्त्यावर निर्दोष वाटणारे ब्रेक चौथ्या-पाचव्या लॅपला ढेपाळतात ते यामुळे. म्हणजे डिस्कचं वजन आणि तिच्यातून खेळणारी हवा या दोन गोष्टी ट्रॅकवर मोलाच्या. नुसता व्यास पाहून डिस्क घेतली आणि ती पातळ-हलकी निघाली, तर काहीच कमावलं नाही.

ब्रेक "दगा देतात" तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असतात आणि त्या ओळखता यायलाच हव्यात. पेडल पायाखाली कडक लागतं पण गाडी हवी तशी मंदावत नाही, तेव्हा पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेबाहेर गेलेलं असतं. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. नळीत वाफेचे बुडबुडे झालेले असतात आणि वाफ दबते. हे दुसरं मी एकदा अनुभवलं आहे. वळण समोर आलं, पाय टाकला आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर कसाबसा दाब आला. त्या गाडीच्या डिस्क भल्या मोठ्या होत्या, ऑइल मात्र वर्षानुवर्षं बदललेलं नव्हतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या अवस्थेत तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. रेसिंगसाठी बनवलेली ऑइल नवी असताना तीनशेच्या पुढे टिकतात, पण तीही पाणी पितातच, त्यामुळे वारंवार बदलावी लागतात. ट्रॅकसाठीचे पॅड आणि ताजं ऑइल हा पहिला खर्च. त्यानंतरही तापमान हाताबाहेर जात असेल तर डिस्ककडे हवेच्या नळ्या न्याव्यात, आणि ती हवा डिस्कच्या मधल्या भोकाकडे सोडावी. दोन पृष्ठभागांमध्ये पोकळी असलेली हवेशीर डिस्क फिरताना आतून हवा ओढून कडेनं बाहेर फेकते, तिला आतच हवा हवी असते. एका पृष्ठभागावर झोत मारला तर एक बाजू थंड आणि दुसरी तापलेली राहते.

सहा पिस्टनचं गूढही वजाबाकी-बेरजेनं सुटतं. कॅलिपरची पकड पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरते आणि दोन्ही बाजूंना पिस्टन असले तरी एकाच बाजूचं क्षेत्रफळ मोजायचं असतं. एकाच बाजूला पिस्टन असलेल्या सरकत्या कॅलिपरमधला ५७ मिलिमीटरचा एकच पिस्टन साधारण साडेपंचवीस चौरस सेंटिमीटर भरतो. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एका बाजूला ३८ आणि ४२ मिलिमीटरचे पिस्टन असले, तर बेरीज येते सव्वापंचवीस. जोर तोच! चांगल्या कॅलिपरचे फायदे खरे आहेत: तो कमी वाकतो, पॅड मोठं आणि जाड बसतं, ते सारखं झिजतं, पेडलची जाणीव नेमकी होते, पॅड पटकन बदलता येतात. त्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्यावा. पण पिस्टन मोजून ब्रेक निवडू नये.

भोकांच्या डिस्कबद्दल थोडक्यात. जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट म्हणून भोकं आली. आजच्या पॅडमधून तो फार कमी सुटतो. पावसात भोकांचा उपयोग होतो आणि काही नामांकित स्पोर्ट्स कार भोकांच्या डिस्क घेऊनच कारखान्यातून निघतात. पण सतत तापणं-निवणं चालू राहिलं की तडे भोकांच्या कडेपासून सुरू होतात, शिवाय तेवढा धातूही गेलेला असतो. ट्रॅकसाठी साधी किंवा खाचांची डिस्क बरी.

आता चाकं. "मोठं तेवढी पकड जास्त" यात व्यास आणि रुंदी यांची गल्लत झाली आहे. २२५/४५ आर १७ टायरचा (रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे बाजूची भिंत त्या रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) बाहेरचा व्यास ६३४ मिलिमीटर. त्याच्या जागी २२५/३५ आर १९ बसवला तर व्यास होतो ६४०, म्हणजे जवळजवळ तोच. जमिनीला टेकणारी रुंदी तीच. बदललं इतकंच की १०१ मिलिमीटरची साइडवॉल ७९ वर आली आणि रबराच्या जागी धातू वाढला, तोही केंद्रापासून लांब. टायरच्या कडेजवळ वाढलेला एक किलो, गाडीला वेग देताना आणि रोखताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. शिवाय तो स्प्रिंगच्या खालचा भार, त्यामुळे खडबडीत जागी चाक जमिनीला चिकटून राहायला जास्त झगडतं. बारकी साइडवॉल स्टिअरिंगला तत्पर करते हे मान्य, पण कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढलात की धक्का थेट रिमला बसतो. आणि अंदाजानं २३५/४० आर १९ चढवलात तर व्यास ६७१ होतो: गिअर साडेपाच टक्क्यांहून जास्त लांब झाला (त्याच गिअरमध्ये ओढ कमी), आणि त्याच ब्रेकचं जमिनीवरचं बल तितक्याच हिशेबानं घटलं. मोठे ब्रेक लावायचे म्हणून घेतलेल्या चाकानं ब्रेकचंच बळ खाल्लं.

पकड हवी तर त्याच १७ इंची व्यासात २५५/४० घ्या. बाहेरचा व्यास ६३६, म्हणजे गिअर आणि स्पीडोमीटर जागच्या जागी, आणि टायर ३० मिलिमीटर रुंद. रिम नऊ इंच रुंद लागेल, तेव्हा ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते) नीट निवडा. चाक बाहेर ढकललं गेलं तर बेअरिंगवर ताण येतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग हिसके देतं. टायरचं रबर मात्र या सगळ्याहून महत्त्वाचं: सामान्य रुंद टायरपेक्षा ट्रॅकसाठीचा अरुंद टायर चांगला ठरू शकतो.

फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या. १९९६ साली आलेल्या पहिल्या लोटस एलिसच्या चारही डिस्क २८२ मिलिमीटरच्या होत्या, आणि गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. हलक्या गाडीला तेवढं पुरतं. उलट ९९१ मालिकेच्या पोर्शे ९११ जीटी३ला पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क आणि २० इंची चाकं आहेत. तिथे मोठं चाक योग्यच आहे, कारण वजन आणि वेग यांतून येणारी उष्णता झेलायला तेवढी डिस्क लागते आणि ती सामावायला तेवढी रिम.

मागच्या ब्रेकविषयीचा दावा मला सगळ्यात खटकतो. ५०-५० वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटर धरा. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, ब्रेकिंगमध्ये २० टक्के वजन पुढे सरकतं, भार होतो ७०-३०. म्हणजे मागची चाकं तेव्हाही ३० टक्के काम करू शकतात. फक्त पुढे मोठी डिस्क आणि जास्त क्षेत्रफळाचे पिस्टन लावले, तर पुढची चाकं आधीच मर्यादेला टेकतात, एबीएस तिथेच जागं होतं आणि मागची पकड न वापरताच राहते. गाडी पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबते. पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं तर तेच मास्टर सिलिंडर (पेडलनं चालणारा ऑइलचा पंप) जास्त ऑइल ढकलायला पेडल जास्त खाली नेतं. पुढचा संच बदलायचाच तर मूळ पिस्टन-क्षेत्रफळाच्या जवळचा घ्या, आणि मागच्या पॅडची निवड पुढच्यांच्या जोडीनंच करा.

म्हणून क्रम असा ठेवा: पॅड, ऑइल आणि टायर यांवर काही दिवस ट्रॅकवर चालवा. डिस्कवर तापमान दाखवणारा रंग लावून ती किती तापते ते पाहा. गरज दिसली तर जड डिस्क निवडा आणि ती ज्यात मावेल अशी सगळ्यात लहान व्यासाची रिम घ्या. रिम मागवण्याआधी कॅलिपरच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो चाकाच्या आत फिरवून बघा. व्यासात मावणारा कॅलिपर कित्येकदा स्पोकला घासतो.