'नव्वदच्या आत असाल तर स्कॉलरशिप विसरा' या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज फिरायला लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, पोरीच्या क्लासच्या ग्रुपवर आला, बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर पण आला. त्यात म्हणणं असं: नव्वद टक्क्यांच्या आत असाल तर स्कॉलरशिप विसरा, ओपनवाल्यांना तर तसंही काही नाही. मात्र समाजसेवेचं सर्टिफिकेट जोडलं की नंबर हमखास लागतो, फोटोसकट मिळेल, या नंबरवर फोन करा. खरीखुरी समाजसेवा करत बसू नका, मार्क जातात. आणि एजंटशिवाय खात्यात पैसे येत नाहीत. खाली एक लिंक. सोलापूरभर लोकं 'गरजूंपर्यंत पोहोचवा' म्हणून पुढं ढकलतायत. एकेक करून बघू, कारण यातलं अर्धं ऐकायला खरं वाटतं आणि घोळ तिथंच होतो.

नव्वदचा आकडा कुठनं आला देव जाणे. केंद्र सरकारची कॉलेजच्या पोरांसाठी मेरिटवर मिळणारी जी स्कॉलरशिप आहे, आता तिला पीएम-यूएसपी म्हणतात, तिची अट ८० पर्सेंटाइलची आहे. म्हणजे आपल्या बोर्डात बारावीला वरच्या वीस टक्के पोरांत यायचं, मग मार्क नव्वद असोत नाहीतर त्याच्या बरेच खाली. सायन्स, कॉमर्स, आर्ट्सचे वाटे ३:२:१ असे वेगळे काढलेत, त्यामुळं आर्ट्सच्या पोरीची स्पर्धा सायन्सच्या टॉपरशी लागतच नाही. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत पाहिजे, कॉलेज रेग्युलर पाहिजे आणि दुसरी सरकारी स्कॉलरशिप किंवा फीमाफी चालू नको. देशात दरवर्षी अशा ८२,००० नव्या देतात, निम्म्या मुलींना. पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२,०००, पीजीला २०,०००. ती पुढं चालू ठेवायला दरवर्षी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते, आणि खरं सांगू का, आपली पोरं मार्कांवर कमी आणि हजेरीवरच जास्त अडकतात. खासगीत बघायचं तर रिलायन्स फाउंडेशनच्या पदवीच्या स्कॉलरशिपला बारावीला ६० टक्के चालतात, उत्पन्न १५ लाखांच्या आत (अडीच लाखांच्या आतल्यांना आधी प्राधान्य), वर एक ऑनलाइन टेस्ट असते, आणि पूर्ण पदवीला मिळून २ लाखांपर्यंत मिळतात. साठ म्हणतोय मी, नव्वद नव्हे!

ओपनवाल्यांना काही नाही हे तर सरळ चूक. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे की, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलं की निम्मी ट्यूशन फी आणि परीक्षा फी, घरातल्या पहिल्या दोन मुलांना. प्रोफेशनल कोर्सला अॅडमिशन मात्र कॅपमधनं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतनं झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतलं की संपलं. आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीच्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची ही फी २०२४-२५ पासून पूर्णच माफ केलीय.

सोलापुरात राहून या मेसेजमध्ये एक गोष्ट नाही याचा मला जास्त राग येतो. पूर्व भागात घराघरात आई, आजी, मावशी विड्या वळतात, आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी मदत आहे, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरनंच भरायची असते. पहिलीपासून मिळते, साध्या पदवीला वर्षाला ६,०००, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या प्रोफेशनल कोर्सला २५,०००. तिथं पास व्हायचं असतं, टॉपर व्हायचं नसतं. लागतं काय तर आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, बँक पासबुक. ओळखपत्र बऱ्याचदा पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली पडलेलं असतं, नाव जुनं, आधारवर नाव वेगळं, आणि तिथंच फॉर्म अडकतो. हे नाव जुळवायचं काम मे महिन्यातच करून घ्या म्हणून कुणी फॉरवर्ड केलं असतं तर मी पण पुढं पाठवलं असतं.

आता सर्टिफिकेट. सरकारी पोर्टलवरच्या, वर सांगितलेल्या एकाही योजनेत समाजसेवेला एक मार्क नाही. तिथं उत्पन्न, मार्क, कागद, बास. मग हे 'नंबर हमखास' कुठनं आलं? माझा अंदाज, परदेशातल्या बातम्या वाचून. अमेरिकेत बारावीच्या पोरांना कोका-कोला स्कॉलर्स म्हणून दरवर्षी १५० जणांना प्रत्येकी २०,००० डॉलर देतात, तिथं अभ्यासाबरोबर पुढाकार आणि समाजासाठी केलेलं काम बघतात, पण ती तिथल्या शाळेतल्या पोरांसाठीच आहे. ऑक्सफर्डची ऱ्होड्स स्कॉलरशिप भारतातल्यांना मिळते, तिच्या निकषांत तर दुबळ्यांबद्दल कळवळा आणि निःस्वार्थीपणा असे शब्दच आहेत. म्हणजे समाजकार्य मोजणाऱ्या स्कॉलरशिपा आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तिथं अर्जात लिहायला लावतात, शिफारसपत्र मागतात, समोर बसवून विचारतात.

आणि विचारलं की विकतचं उघडं पडतं. मी एका पोराचं असं सर्टिफिकेट बघितलंय, 'रक्तदान केल्याबद्दल', पोरगं सतराचं. अठराच्या आत रक्त घेतच नाहीत बे! छापणाऱ्यानं तेवढं पण बघितलं नव्हतं. याउलट एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कॅम्पला जाऊन वनराई बंधारा घातलेलं पोरगं घ्या. त्याला विचारा, काय केलं? ते सांगेल, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या, त्यात माती भरली, गच्च नाही भरायची, तोंड शिवायला जागा ठेवायची, मग ओढ्यात आडव्या रचायच्या, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी आली पाहिजे नाहीतर पाणी फटीतनं जातं, आणि हे पावसाळा संपता संपता करायचं, ओढा वाहता आहे तोवर, नंतर अडवायला पाणीच राहत नाही. पाच मिनिटं बोलेल ते, न अडखळता, मधेच हातानं गोणी रचून दाखवेल. हे पाचशे रुपयांत मिळत नाही. आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथल्या पोरानं पाण्याचं काम का केलं हे त्याला वेगळं पटवून पण द्यावं लागत नाही.

'मार्क जातात' वर जास्त वेळ घालवत नाही. एनएसएसला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचा एक कॅम्प. १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तास पण होत नाहीत, त्याच्या दुप्पट वेळ पोरं सात रस्त्याला चहाच्या गाडीवर काढतात (काढू देत, तक्रार नाही). चांगलं काम करणाऱ्या स्वयंसेवकांना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार पण मिळतो, रौप्यपदक आणि १ लाख रुपये, पण तो देशात मोजक्यांना, त्याच्या आशेवर जाऊ नका. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा केलेल्या डॉ. कोटणीसांच्या गावात 'सेवा करू नका, नुकसान होतं' असा मेसेज फिरावा हे मात्र जरा जास्तच झालं.

राहिला एजंट. पैसे अडकतात हे खरंय, बऱ्याच जणांचे अडकतात, पण कशानं अडकतात ते एजंट सांगत नाही कारण मग त्याची गरज उरत नाही. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा फॉर्म भरला की आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, क्लार्क तपासतो, एखादा दाखला धूसर दिसला की 'सेंड बॅक' मारतो. तो आपण परत दुरुस्त करून पाठवायचा असतो, आणि पोरं एकदा सबमिट केलं की लॉगिन उघडूनच बघत नाहीत. दुसरं आधार सीडिंग, म्हणजे डीबीटीचे, थेट खात्यात येणारे सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे ते आधारला जोडणं. पैसे फॉर्ममधल्या खात्यावर येतील असं धरून बसायचं नाही, आधारला जे खातं शेवटचं सीड झालंय तिथं येतात. एका पोरीचे पैसे 'आलेच नाहीत' म्हणून घरचे कॉलेजात भांडून आले, आणि ते पडले होते तिच्या शाळेत असताना काढलेल्या झिरो बॅलन्सच्या खात्यात, ज्याचं पासबुक पण सापडत नव्हतं. बँकेत जाऊन नुसतं 'आधार लिंक करा' म्हणू नका, 'डीबीटीसाठी सीडिंग करा' म्हणा, आणि झालं का ते आधारच्या साइटवर स्वतः बघा, फुकट दिसतं.

सेतूवाला फॉर्म भरायचे त्याचे पैसे घेईल, ती त्याची मजुरी, ठीक आहे. पण पोर्टलवर अर्जाची फी नाही. मेसेजखालच्या त्या लिंकचा पत्ता जरा नीट वाचा, शेवटी जीओव्ही डॉट इन नाहीये, आणि उघडल्यावर पहिल्याच पानावर एटीएम कार्डचा नंबर मागतायत.